पाहण्याचा अधिकार आणि पाणथळींतला मनोरा

पांखरांकडे पाहावें अशी आपल्या प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत शिष्यांस आज्ञा केली आहे. आपण तें वचन बहुधा चिंता सोडण्याविषयींच्या उपदेशांत घेतों आणि पाहण्याची आज्ञा मागें टाकून पुढें जातों. मूळ ग्रीक भाषेंत मत्तयाच्या शुभवर्तमानांत जें क्रियापद त्या ठिकाणीं आलें आहे त्याचा अर्थ जातां जातां नजर टाकणें असा नाहीं. लक्ष लावून, नीट पाहणें असा आहे. म्हणजे पांखरूं पाहणें हा रिकाम्या माणसाचा छंद नव्हे, तो शिष्याचा अभ्यास आहे. पण त्याच पवित्र शास्त्रांत, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत, वाटेनें जातांना घरटें आढळलें तर काय करावें याचा नियम दिला आहे. पिलें घेण्याची मोकळीक असली तरी त्यांवर बसलेल्या आईला धरूं नये, तिला जाऊं द्यावें असें तेथें सांगितलें आहे. एके ठिकाणीं पाहण्याची आज्ञा, दुसऱ्या ठिकाणीं सोडून देण्याची. मग पाहावें किती जवळून, आणि सोडावें कोठें? हा प्रश्न पूर्वीं पुस्तकी वाटला असता. आज तो खेड्यांतल्या माणसापुढें लांकूड, लोखंड व सिमेंट यांच्या रूपानें उभा आहे.

नाशिक जिल्ह्यांतल्या निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमापाशीं नांदूर मध्यमेश्वर म्हणून गांव आहे. तेथें इंग्रजी अमदानींत गोदावरीवर बंधारा घातला गेला. १९११ च्या सुमारास तो पुरा झाला. बांधणाऱ्यांच्या मनांत पांखरें नव्हतीं. दोन्ही तीरांनीं कालवे काढून कोपरगांवाकडील कोरड्या मुलखास पाणी द्यावें एवढाच त्यांचा हेतु होता. परंतु नदीनें दर पावसाळ्यांत आणलेला गाळ बंधाऱ्याच्या मागें सांचत गेला, पाणी उथळ झालें, मधून मधून गाळाचीं बेटें वर आलीं, कडेनें पाणकणीस माजलें. अभियंत्याच्या वहींत हा तोटा आहे, कारण जितका गाळ वाढला तितकें पाणी घटलें. पण मनुष्यानें ज्याला तोटा म्हटलें त्याच गाळावर देवाचे हजारों जीव येऊन उतरूं लागले. १९८६ सालीं सरकारनें त्या जागेस अभयारण्य ठरविलें. २०२० च्या जानेवारींत तिचें नांव रामसर यादींत आल्याचें जाहीर झालें. हा मान मिळालेली ही महाराष्ट्रांतली पहिली पाणथळ. (रामसर हें इराणांतलें शहर. तेथें १९७१ सालीं पाणथळी राखण्याविषयीं राष्ट्रांचा करार झाला, म्हणून यादीला तें नांव पडलें.)

दोनशेंहून अधिक जातींचीं पांखरें त्या ठिकाणीं नोंदलीं गेलीं आहेत. हिवाळ्यांत थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे उत्तरेकडचे पाहुणे येतात. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी तर पाण्यावर थव्याथव्यांनीं पसरतो. त्यांतच कधीं कधीं डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला एक करडा हंस दिसतो. पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत त्याला पट्टकादंब म्हणतात. तो तिबेट व मंगोलिया यांच्या बाजूस अंडीं घालतो आणि आपल्याकडे येतांना हिमालय ओलांडतो. शास्त्रज्ञांनीं त्याच्या अंगावर लहानसें यंत्र बांधून मोजलें, तेव्हां तो वीस हजार फुटांहूनहि उंच उडत असल्याचें आढळलें. एवढा प्रवास करून उतरलेल्या पाहुण्याला आपल्या पाण्यावर चार महिने चरावयाचें असतें व परतीच्या वाटेसाठीं अंगांत चरबी सांठवावयाची असते. हें एवढें पुढील सर्व विचारांत वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. थवा एकदां उगाच उठला कीं त्या शिदोरींतून घांस गेला.

अशीं पांखरें पाहावयास लांबून लोक येतात. वनखात्यानें नांदूर मध्यमेश्वरास निरीक्षणाचे मनोरे उभारले आहेत आणि आसपासच्या गांवांतले तरुण वाटाडे म्हणून काम करून चार पैसे मिळवितात. आमच्या पुष्कळ मंडळ्या अशाच बंधाऱ्यांच्या, पाझर तलावांच्या व जायकवाडीसारख्या मोठ्या जलाशयांच्या आसपास आहेत. उद्यां ग्रामसभेंत कोणी उठून म्हणेल कीं आपल्याहि गांवीं मनोरा व्हावा. शहरचे लोक येतील, चहाचें दुकान चालेल, बांधकामावर मजुरी मिळेल. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्यानें हात वर करावा कीं खालीं ठेवावा? आणि वर केला तर कसला मनोरा मागावा? कोणी म्हणेल, हा पाळकाचा विषय नव्हे, ओव्हरसियराचा आहे. आमचें म्हणणें असें कीं त्या मनोऱ्याची एकेक पायरी म्हणजे शेजाऱ्याशीं कसें वागावें याचाच प्रश्न आहे. शेजाऱ्याला येथें पंख आहेत इतकेंच.

सर्वांत कडक उत्तर असें आहे कीं मनोरा बांधूंच नये. पांखरांचें भलें इच्छितां ना, मग त्यांना एकटें सोडा. हें उत्तर हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटीं देव ज्या पशुपक्ष्यांचीं नांवें घेतो ते बहुतेक माणसाच्या नजरेआड राहणारे आहेत: रानगाढव, डोंगरी बकरी, कड्यावर घरटें बांधणारा गरुड. ईयोबानें त्यांना पाहिलें म्हणून त्यांना किंमत आली असें तेथें कोठेंहि नाहीं. आम्ही पाहिल्यावांचून सृष्टीचा कांहीं भाग व्यर्थ जातो असें मानणें हा एक गर्वच होय, आणि मनोरा मागणाऱ्यानें तो आधीं टाकून द्यावा.

तथापि या उत्तरानें काम भागत नाहीं. ज्या जमिनीवर नांगर चालत नाहीं आणि ज्या पाण्यांत बुडी मारतां येत नाहीं तिला आपल्या गांवांत पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटल्यावर तेथें भराव पडतो, कचरा पडतो, शेवटीं भिंत पडते. ज्यानें त्या दलदलींत सकाळीं सूर्य वर येतांना हजार पंख एकदम उघडतांना पाहिले, तो तिला पडीक म्हणावयास कचरतो. दुसरें असें कीं लोक येतातच. मनोरा नसला तर ते बांधावरून, बेटांवरून, ओल्या गाळांतून जेथें वाट सांपडेल तेथून आंत शिरतात. चांगला मनोरा माणसांना एका जागीं बांधून ठेवतो. म्हणून आमच्या मतें मनोरा मागण्याचें खरें कारण पांखरांना उघडें करणें हें नसून माणसांना आवरणें हें आहे. या हिशेबानें जो गांव एका कांठीं मनोरा मागतो त्यानें त्याच ठरावांत दुसरा कांठ माणसांसाठीं बंद करावा. हें कलम नसेल तर आमचा हात खालीं राहील.

उंचावर चढून पाहणें आपल्या लोकांस नवें नाहीं. ज्वारी हुरड्यावर आली कीं शेतांत माळा उभा राहतो, आणि गोफण घेऊन पोरें व बाया त्यावर दिवसभर ओरडत उभ्या राहतात. आमच्या मंडळ्यांतल्या कित्येकांचें बालपण दुसऱ्याच्या शेतांतल्या माळ्यावर गेलें आहे. त्या माळ्याचें काम पांखरूं हाकण्याचें. शिकाऱ्याचें मचाण निराळें. तेथें गोफण नाहीं, ओरडणें नाहीं, उलट फार शांतता आहे, पण ती मारण्यासाठीं आहे. आणि शास्त्रांत द्राक्षमळ्यांतला बुरूज आहे, जेथून राखणदार नजर ठेवतो. आतां जो मनोरा बांधावयाचा तो उंचीनें माळ्यासारखा, शांततेनें मचाणासारखा व हेतूनें राखणदाराच्या बुरुजासारखा असला पाहिजे. एकाच उंचीवरून तीन प्रकारचीं मनें खालीं पाहूं शकतात, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्यासारखी वाटते.

येथें एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. पाहणाऱ्यानें आडोशाला लपून राहावें हें कपट नव्हे काय? शिकारीहि लपतो आणि आपणहि लपावयाचें! इंग्लंडांत पीटर स्कॉट नांवाचे गृहस्थ होऊन गेले. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेंत मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांचे ते पुत्र. तरुणपणीं ते बदकांचे मोठे शिकारी होते. पुढें त्यांनीं बंदूक सोडली आणि १९४६ सालीं सेव्हर्न नदीच्या कांठीं स्लिमब्रिज येथें पाणपक्ष्यांच्या रक्षणासाठीं संस्था काढली. शिकाऱ्याला ठाऊक असलेली आडोशाची कला तेथें पाहणाऱ्यांच्या उपयोगास आली. आडोसा तोच, पण बसणाऱ्याचें मन पालटलें. आपल्या भाषेंत याला पश्चात्ताप म्हणतात, आणि तो हत्यारांनाहि लागू पडतो. मोशेची गोष्टहि आठवावी. देवाचें तेज जवळून जात असतां मोशेला खडकाच्या कपारींत ठेवून झांकलें होतें, कारण उघड्यावर राहून तें त्याला सोसलें नसतें. तेथें पाहणारा स्वतः वांचावा म्हणून लपला. पाणथळींत पाहणारा लपतो तो दुसऱ्याचा जीव घाबरा होऊं नये म्हणून. लपण्यांत पाप नाहीं. लपून काय करतों त्यांत तें असेल.

हें इतकें पटलें म्हणजे मग बांधकामाकडे वळावें. मनोरा उठून दिसावा असें बांधणाऱ्याला वाटतें. येथें तो दिसूं नये अशी खटपट करावयाची आहे. पाण्याच्या अगदीं कडेला खांब रोवण्याचा मोह होतो. परंतु केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळविषयक नियमांप्रमाणें, ज्या पाणथळींना ते लागू आहेत तेथें, गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरांच्या आंत बोटीच्या धक्क्याखेरीज कायमचें बांधकाम करतां येत नाहीं. कित्येकांना ही सरकारी अडवणूक वाटते. आम्हांस तसें वाटत नाहीं. उरलेलें अंतर दुर्बिणीनें कापावें; दुर्बिणीच्या कांचेला पाहून कोणी बदक उडत नाहीं. मनुष्य उघड्यावर उभा चालत आला कीं थवा पुष्कळ दुरूनच उठतो. तोच थवा म्हशीला भीत नाहीं, बगळे तर तिच्या पायांशीं चरतात, कारण तिच्या येण्यांत त्यांना कधीं दगा झालेला नाहीं. आपल्या जातीची ख्याति पांखरांमध्यें काय आहे तें यावरून कळावें.

आकाशाला टेकून उभी असलेली आकृति पांखरांना चटकन दिसते, म्हणून मनोऱ्याच्या मागें बाभळीची किंवा दुसऱ्या गांवच्याच झाडांची रांग असावी व मनोऱ्याचा माथा त्या झाडांच्या वर जाऊं नये. सकाळीं पाहावयाचें असेल तर तो पाण्याच्या पूर्वेस असावा. सूर्य पाठीशीं राहतो, पांखरांचे रंग खुलतात आणि डोळे दिपत नाहींत. उंची किती? पाणकणसाच्या वरून नजर जाईल एवढी. पाणकणीस फार तर दीड-दोन पुरुष वाढतें. तेव्हां बसण्याची जमीन बारा-पंधरा फुटांवर असली म्हणजे पुष्कळ झालें. त्याहून चढलेला प्रत्येक फूट पांखरांसाठीं नसून फोटोसाठीं असतो.

पण मनोऱ्यापेक्षां त्याची वाट महत्त्वाची आहे, आणि नकाशा काढणारे नेमके येथें चुकतात. सर्व खर्च मनोऱ्यावर होतो, आणि उघड्या बांधावरून दहा माणसें बोलत चालत तेथवर पोंचतात तों पाहावयाचें कांहीं उरलेलें नसतें. शेवटचीं दोनशें पावलें तरी दोन्ही अंगांनीं झांकलेलीं असावींत. यासाठीं परदेशी सामान नको. आपल्या बाया घराला तुराट्यांचा किंवा बोरूचा कुड घालतात तसा माणसाच्या डोक्याइतका कुड वाटेच्या पाण्याकडील बाजूनें घालावा; दर दोन-तीन वर्षांनीं तो नवा करावा लागेल, आणि ती मजुरी कायमची गांवांत राहील. सिमेंटाची भिंत एकदां होते व मजुरी एकदांच मिळते. ओली जागा लागली तर मातीचा भराव टाकूं नये. भरावानें पाण्याचे दोन तुकडे होतात व एक तुकडा सुकतो. त्याऐवजीं खुंटांवर फळ्या टाकून वाट न्यावी म्हणजे खालून पाणी, मासे व बेडूक मोकळे जातात.

गाळांत जड पाया खचतो. रुंद काँक्रीटचा चौथरा करण्यापेक्षां खोलवर उतरविलेल्या मोजक्या खांबांवर हलका सांगाडा उभा करणें बरें. आणि गोदावरीचा पूर विसरूं नये. २०१९ च्या ऑगस्टांत काय पाणी आलें होतें तें त्या कांठच्या लोकांस सांगावयास नको. पुरांत जलपर्णीचे मोठमोठे थर वाहून येतात आणि खांबांमधल्या आडव्या-तिरक्या पट्ट्यांत अडकतात; मग पाण्याचा सगळा लोट मनोऱ्यावर पडतो. म्हणून पूररेषेच्या खालीं खांब सुटे असावेत, बांधणी सारी वर असावी. वाळवीसाठीं जें विषारी औषध पाण्यांत उतरतें तें लांकडाला लावूं नये. लोखंडी जिना पावलागणिक घणघणतो. पायऱ्या व जमीन लांकडाची असावी आणि जिना पाण्याच्या उलट बाजूस, झांकलेला असावा. पाहण्यासाठीं मोठी गॅलरी नको, आडवे अरुंद झरोके पुरेत. मात्र ते तीन उंचींवर ठेवावे: उभ्या माणसाचा, बसलेल्या म्हाताऱ्याचा आणि लेंकराचा. कांच मुळींच नको, कारण कांचेंत आकाश दिसतें आणि पांखरूं त्यावर आपटून मरतें. दिवे नकोत. माथ्यावर घार किंवा भोवत्या येऊन बसेल अशी सपाट जागा ठेवूं नये. नाहींतर आपण राखणदाराच्या नांवानें शिकाऱ्यालाच चौकी बांधून दिली असें होईल. लाउडस्पीकरविषयीं बोलावें कीं नाहीं? आमच्या मंडळ्यांनीं नाताळच्या रात्रीं जो आवाज करण्याचें शिकून घेतलें आहे तो पाहतां आम्हांस दुसऱ्यांना उपदेश करण्याचा संकोच वाटतो. पण पाण्यापाशीं तो नको.

बांधावें केव्हां, यालाहि महत्त्व आहे. नोव्हेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत पाहुणे असतात. पावसाळ्यांत जांभळी पाणकोंबडी व कमळपक्षी यांसारखीं घरचीं पांखरें पाणवनस्पतींत अंडीं घालतात. मोकळे उरतात ते एप्रिल व मे, पाणी उतरलेलें असतें तेव्हां. दुर्दैवानें सरकारी वर्ष मार्चांत संपतें आणि पैसे परत जातील या भीतीनें सगळी ठोकाठोक नेमकी थंडीच्या शेवटीं सुरू होते. ग्रामसभेच्या ठरावांत महिना लिहून ठेवणें हें पुष्कळ उपदेशांहून अधिक उपयोगाचें आहे.

अनुवादाच्या ज्या अध्यायाचा आम्हीं आरंभीं उल्लेख केला त्यांत घरट्याच्या नियमाला अगदीं लागून एक दुसरा नियम आहे. नवें घर बांधशील तेव्हां धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी पडून तुझ्या घरावर रक्ताचा दोष येणार नाहीं, अशा आशयाचा. घरटें आणि कठडा एकापुढें एक कां यावेत हें शास्त्रज्ञ पंडितांनीं आपापल्या परीनें सांगितलें आहे. पाणथळींत मनोरा बांधणाऱ्याला मात्र तें कोडें पडण्याचें कारण नाहीं. एका हातानें आईपांखराला सोडावयाचें, दुसऱ्या हातानें माणसाच्या लेंकराला सांवरावयाचें. कठडा इतका उंच व इतका दाट असावा कीं चार वर्षांचें मूल त्यांतून निसटूं नये. एका वेळीं किती माणसें चढावीं हा आंकडा अभियंत्यानें काढावा, दारावर रंगवावा आणि सरपंचाचे पाहुणे आले म्हणून तो पुसूं नये. मोकळ्या मैदानांत उंच वस्तूवर वीज पडते. तारेची व्यवस्था हवीच, आणि ढग गडगडूं लागले कीं खालीं उतरावयाचें हा नियम हवा. पांखरांवर दया करतांना माणसाविषयीं निष्काळजी राहणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. तीहि अर्धीच दया होय.

माणसाची गोष्ट निघाली तेव्हां आणखी एक माणूस आहे. मनोऱ्यावरून पांखरांबरोबर जाळें टाकणारा कोळी दिसतो, कडेला गवत कापणारी बाई दिसते, म्हशी घेऊन उतरलेलें पोर दिसतें. शहरांतून आलेल्या पाहुण्याला ही माणसें चित्राच्या आड आलेलीं वाटतात आणि तो म्हणतो, यांना येथून हलवा. ज्याचें पोट त्या पाण्यावर आहे त्याला न विचारतां पाण्याचें भलें करूं जाणें यांत आम्हांस न्याय दिसत नाहीं. उलट पक्षीं, कोळ्याच्या जाळ्यांतहि पाणमांजरें व बुडी मारणारीं पांखरें अडकून मरतात, आणि तो गरीब आहे एवढ्यानें तें मरण लहान होत नाहीं. तेव्हां मनोऱ्याची जागा ठरवितांना पहिल्यानें त्याला बोलवावें. थवा कोठें उतरतो, कोणत्या कोपऱ्यांत अंडीं असतात, वाऱ्यानें पाणी कोणीकडे लोटतें हें त्याच्याइतकें नकाशाला ठाऊक नसतें. गवत कापण्याची जुनी वाट मनोऱ्याच्या पायाखालीं जात असेल तर मनोरा हलवावा, वाट नव्हे. आणि तिकिटाचे पैसे घ्यावयाचे असतील तर कुड घालणाऱ्या, वाट झाडणाऱ्या व राखण करणाऱ्या घरांना ते आधीं पोंचावेत. बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा असें प्रभूनें सांगितलें तेव्हां तो शिष्यत्वाविषयीं बोलत होता. पण दाखला बुरुजाचा घेतला, आणि हिशेब म्हटला म्हणजे त्यांत दुसऱ्याच्या गांठीचें किती जातें तेंहि आलें.

शास्त्रांतला सर्वांत प्रसिद्ध बुरूज मात्र हिशेबानें नव्हे, नांवासाठीं बांधला जात होता. बाबेलच्या लोकांना आकाश पाहावयाचें नव्हतें. आकाशानें आपल्याला पाहावें अशी त्यांची इच्छा होती. आपल्याकडे लहानशा मोरीवरहि उद्घाटकाच्या नांवाची संगमरवरी पाटी बसते, व आमच्या देवळांच्या भिंतींवरच्या देणगीदारांच्या पाट्या पाहिल्या तर आम्ही कांहीं निराळे नाहीं. पाणथळींतल्या मनोऱ्यावर पांढरी पाटी, भडक रंग व झेंडे नकोत ते पांखरांना ते दुरून दिसतात म्हणून. आणखी कारणें वाचकांनीं काढावींत. हबक्कूक संदेष्टा पहाऱ्याच्या जागीं चढला तो बोलण्यासाठीं नव्हे, देव काय बोलतो तें ऐकण्यासाठीं. शाब्बाथ शाळेच्या मुलांना मनोऱ्यावर नेणाऱ्या उपदेशक बंधूंनीं जिन्याच्या पायथ्याशीं त्यांना ही गोष्ट सांगावी, पायांतल्या वाजणाऱ्या चपला तेथेंच काढावयास लावाव्या, आणि वर गेल्यावर अर्धा तास स्वतःहि कांहीं शिकवूं नये. कै. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं शिकाऱ्यानें घायाळ केलेल्या आईपांखरावर ‘केवढें हें क्रौर्य’ ही कविता लिहिली. ती मुलांकडून पाठ करून घ्यावयाची असेल तर ती घरीं घ्यावी.

राहतां राहिला एक बारीक प्रश्न, आणि तो खराच उद्भवतो. चांगल्या बांधलेल्या, शांत ठेवलेल्या मनोऱ्याच्या वळचणीला पांखरूं स्वतःच घरटें करतें. भिंगरीला तर पाण्याजवळची अशी छपराखालची जागा फार आवडते. वेदीजवळ घरटें करणाऱ्या चिमणीचा व निळवीचा स्तोत्रकर्त्याला हेवा वाटला होता. आतां जिन्याच्या तोंडाशींच घरटें असेल, आणि माणूस चढला कीं आई उडून जात असेल, तर तें अक्षरशः वाटेंत आढळलेलें घरटें झालें. रविवारीं शहरांतून गाडी येणार आहे, तिकिटें आधींच दिलीं आहेत, गांवांतल्या दोन घरांची त्या दिवसाची मिळकत त्यावर आहे. आम्हांस विचाराल तर जिन्याला दोरी बांधावी, गाडीवाल्यांना कुडाच्या फटींतून काय दिसेल तें दाखवावें, त्या दोन घरांची मजुरी राखणीच्या खात्यांतून द्यावी, आणि पिलें उडेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, दोरी सोडूं नये.